कुंपणात लिहिलेलं नाव

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं आपल्या संन्याशांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात बाग येते ती पाण्याच्या आणि पिठाच्या गिरणीच्या जोडीनं. मठ असा बांधावा की पाणी, गिरणी, बाग आणि निरनिराळी हातकामं सगळं आवाराच्या आतच असेल, म्हणजे संन्याशांना बाहेर फिरावं लागणार नाही, असा त्या नियमाचा आशय आहे. फुलांचं कौतुक तिथे नाही. बाग हवी ती कांद्यालसणासाठी, औषधी पाल्यासाठी आणि चित्त ठिकाणावर राहावं म्हणून. तरीही याच व्यवहारी चौकोनाला युरोपच्या मध्ययुगानं अर्थांनी गच्च भरून टाकलं. मठाच्या मधल्या अंगणात चार वाटा एका विहिरीशी मिळाल्या की त्या स्वर्गातल्या चार नद्या झाल्या. भिंतीनं वेढलेली बाग हे कुमारी मरियमचं रूप झालं. नवव्या शतकाच्या आरंभीचा सेंट गालच्या मठाचा आराखडा आजही टिकून आहे. त्यात भाज्यांचे आणि औषधी वनस्पतींचे वाफे नावानिशी आखलेले आहेत, आणि मठाची दफनभूमी हीच मठाची फळबाग आहे. थडग्यांच्या मधून सफरचंद, नाशपाती अशी झाडं. मेलेल्या सोबत्याच्या उशाशी फळझाड लावणाऱ्या माणसाला प्रतीक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

मठांच्या बागा मला ओढून घेतात त्या यामुळे. तिथे भाजी आणि मोक्ष एकाच मातीत रुजलेले असतात. पण आज मनात आहे ती बाग संन्याशांनी लावलेली नाही. ती लावली गेली २०११ साली. नाव दृष्टी गमावलेल्या एका अर्जेंटिनी लेखकाचं, आराखडा एका इंग्रज राजनैतिक अधिकाऱ्याचा, आणि जागा व्हेनिसमधल्या हजार वर्षं जुन्या मठाच्या मागच्या आवाराची. बॉक्सवुडच्या कुंपणांचा तो एक चक्रव्यूह आहे. वरून पाहिलं तर उघडलेल्या पुस्तकासारखा दिसतो, आणि त्या पुस्तकाच्या पानांवर कुंपणाच्याच रेषांनी एक नाव लिहिलेलं आहे: बोर्हेस.

व्हेनिसमध्ये सेंट मार्कच्या चौकातून पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की समोर सान जॉर्जो माज्जोरे हे बेट दिसतं. पांढऱ्या दगडाचं देवालय, त्यामागे विटांचा उंच मनोरा. सान झाकारिया धक्क्यावरून दोन नंबरची बोट घेतली की पुढचाच थांबा. ९८२ मध्ये हे बेट बेनेडिक्टच्या अनुयायांना मिळालं आणि पुढची आठ शतकं ते त्यांचं राहिलं. आज दिसतं ते देवालय आंद्रेया पाल्लादिओचं. काम १५६६ मध्ये सुरू झालं, १५८० मध्ये पाल्लादिओ गेला, आणि दर्शनी भाग पुरा व्हायला १६१० साल उजाडलं. मठाच्या भोजनगृहासाठी पाओलो वेरोनेजेनं १५६३ मध्ये बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं चित्र रंगवलं. जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच. संन्याशांनी मुकाट्यानं जेवायचं आणि समोर भिंतभर लग्नाची पंगत, वादक, कुत्री, पाण्याचं झालेलं द्राक्षासव.

१७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्यानं ते चित्र कापून, गुंडाळून पॅरिसला नेलं. ते अजून तिथेच, लूव्रमध्ये आहे. काही वर्षांतच मठही बरखास्त झाला. पुस्तकं पांगली. जिथे प्रार्थनेच्या घंटा होत तिथे बराकी आल्या, दारूगोळा आला. दीडशे वर्षांत बेटाची रया गेली.

ते पुन्हा उभं राहिलं एका बापाच्या दुःखातून. वित्तोरिओ चीनी हा बडा उद्योगपती. १९४३ मध्ये तो काही महिने मुसोलिनीचा मंत्री होता, मग राजीनामा देऊन बाहेर पडला, आणि जर्मनांनी त्याला पकडून डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. तिथून त्याची सुटका करवली ती त्याच्या मुलानं, जॉर्जोनं. तोच जॉर्जो १९४९ मध्ये कान शहराजवळ विमान कोसळून गेला. ज्यानं आपल्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं त्या मुलाच्या नावानं बापानं १९५१ मध्ये प्रतिष्ठान काढलं आणि या उजाड बेटाचा जीर्णोद्धार सुरू केला. बाल्दास्सारे लाँगेनानं सतराव्या शतकात उभारलेलं ग्रंथालय पुन्हा ग्रंथांनी भरलं. २००७ मध्ये वेरोनेजेच्या चित्राची हुबेहूब प्रतिकृती करून ती भोजनगृहाच्या त्याच भिंतीवर बसवण्यात आली. ती लूव्रमधलं मूळ चित्र अत्यंत बारकाईनं मोजून, टिपून केलेली आहे, आणि पाल्लादिओच्या दालनाचा उजेड तिच्यावर पडतो तेव्हा चित्रातले खांब त्या दालनातल्या खांबांशी बोलू लागतात. नक्कल म्हणून तिला हिणवावं असं मला कधी वाटलं नाही. मठांनी हजार वर्षं दुसरं केलं तरी काय? हरवू नये म्हणून पुन्हा उतरवून काढलं.

अशा बेटावर बोर्हेसच्या नावाची बाग आली, आणि तीही एका अर्थी प्रतच आहे.

ती आखणारा रँडॉल कोट हा १९०९ मध्ये जन्मलेला इंग्रज. परराष्ट्र खात्यातल्या नोकरीच्या निमित्तानं तो ब्वेनोस आइरेसला होता आणि तिथे लेखिका सुसाना बोंबाल हिच्यामुळे होर्हे लुईस बोर्हेसशी त्याची ओळख झाली. निवृत्तीनंतर कोटनं आयुष्य वाहिलं ते कुंपणांच्या चक्रव्यूहांना. त्याला नुसत्या वाटा गुंतवायच्या नसत, त्याला कुंपणानं चित्रलिपी लिहायची असे. इंग्लंडमध्ये लेचलेडला त्यानं यू झाडांच्या कुंपणातून माणसाच्या पावलाचा प्रचंड ठसा आखला आणि त्या एका पावलात कितीतरी प्रतीकं दडवली. स्वीडनमध्ये अंड्याच्या आकारात सृष्टीची उत्पत्ती मांडली. बोर्हेसच्या चक्रव्यूहाची कल्पना मात्र, असं सांगतात, त्याला १९७९ मध्ये स्वप्नातून मिळाली. त्यात बोर्हेस गेल्याची बातमी होती. बोर्हेस तेव्हा जिवंत होता. तो १४ जून १९८६ रोजी जिनिव्हात वारला. कोटच्या आराखड्यानुसार पहिली लागवड २००३ मध्ये अर्जेंटिनात, मेंदोसा प्रांतातल्या सुसाना बोंबालच्या जुन्या मळ्यावर झाली. कोट २००५ मध्ये गेला. व्हेनिसची बाग त्याच्या पश्चात, बोर्हेसला जाऊन पंचवीस वर्षं झाली तेव्हा उभी राहिली. तिच्यासाठी तीन हजारांहून अधिक बॉक्सवुडची रोपं लागली, कमरेपेक्षा खुजी.

बोर्हेसच्या लेखनातून पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू या कुंपणांत आहेत: काठी, आरसा, वाळूचं घड्याळ, वाघ, प्रश्नचिन्ह. पत्नी मारिया कोडामाची आद्याक्षरं आहेत. वाघाचंच पाहा. लहानपणी बोर्हेस ब्वेनोस आइरेसच्या प्राणिसंग्रहालयात वाघाच्या पिंजऱ्यापुढून हलत नसे. पुढे वडिलांसारखीच त्याचीही नजर हळूहळू मंदावत गेली, तेव्हा सगळ्यात शेवटपर्यंत साथ दिली ती पिवळ्या रंगानं. १९५५ मध्ये अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक म्हणून त्याची नेमणूक झाली त्या सुमाराला त्याला छापील अक्षर वाचता येईनासं झालं होतं. लाखो पुस्तकं आणि त्यांच्यामध्ये बसलेला, त्यांतलं एकही स्वतःच्या डोळ्यांनी वाचू न शकणारा माणूस. तरी त्याच वयात तो नवी भाषा शिकायला बसला, जुनी इंग्रजी, विद्यार्थ्यांकडून मोठ्यानं वाचून घेत. उरलेली तीस वर्षं त्यानं ऐकून वाचलं आणि सांगून लिहिलं.

चक्रव्यूह तर त्याच्या भयस्वप्नांत होता. लहान असताना एका फ्रेंच पुस्तकात त्यानं चक्रव्यूहाचं कोरीव चित्र पाहिलं होतं, आणि भिंग मोठं मिळालं तर आतला, ग्रीक कथांमधला नरवृषभ दिसेल असं त्याला वाटायचं. १९४१ च्या ‘फुटणाऱ्या वाटांची बाग’ या कथेत एक चिनी सुभेदार सगळं सोडून एकांतात जातो. त्याला एक पुस्तक लिहायचं असतं आणि एक चक्रव्यूह बांधायचा असतो. तो गेल्यावर लोक दोन्ही शोधतात. पुस्तकाचे गोंधळलेले कागद सापडतात, चक्रव्यूह काही सापडत नाही. फार पुढे कुणाच्या तरी लक्षात येतं की पुस्तक हाच चक्रव्यूह होता. सान जॉर्जोच्या बागेनं ही कल्पना उलट्या अंगानं खरी केली आहे. इथे चक्रव्यूह हेच पुस्तक आहे.

बोर्हेसचा आपल्या मुलखाशी असलेला एक धागा इथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३६ मध्ये त्यानं एका कादंबरीचं परीक्षण प्रसिद्ध केलं. कादंबरी मुंबईत छापलेली, लेखक मीर बहादूर अली नावाचा मुंबईचा वकील. नायक मुंबईचा, कायद्याचा विद्यार्थी. मोहरमच्या संध्याकाळी दंगल उसळते, त्याच्या हातून माणूस मारला जातो, किंवा तसं त्याला वाटतं, आणि तो पळत सुटतो. हलक्यासलक्या माणसांत राहताना त्याला एकदा एका नीच माणसाच्या बोलण्यात क्षणभर निर्मळपणा जाणवतो. हा उजेड याचा नव्हे, कुणा मोठ्या माणसाकडून याच्यावर पडलेला आहे, असं त्याच्या मनात येतं, आणि त्या मूळ माणसाचा शोध घेत तो हिंदुस्थानभर वणवणतो. पालनपूर, बिकानेर, काशी, काठमांडू, कलकत्ता, मद्रास, त्रावणकोर. मग इंदापूर! आणि अखेरीस पुन्हा मुंबई. ही कादंबरी कुणी कधी लिहिलेलीच नव्हती. बोर्हेसच्या एका मित्रानं ती खरी समजून लंडनहून मागवायचाही प्रयत्न केला होता. ब्वेनोस आइरेसमध्ये बसून, आपला देश कधीही न पाहता, या माणसानं नकाशावरच्या नावांनी एक फेरा आखला, त्यात पुणे जिल्ह्यातलं इंदापूर ओवलं आणि जिथून निघाला तिथेच आणून सोडला. तोही चक्रव्यूहच. त्याच्या मध्याशी राक्षस नाही, पडद्याआडचा उजेड आहे.

आपल्याकडे चक्रव्यूह म्हटलं की अभिमन्यू डोळ्यांपुढे येतो. आत शिरायचं ठाऊक, बाहेर पडायचं नाही. देवगिरीच्या किल्ल्यात अंधारी चढताना ती भीती अंगावर येते. कातळात खोदलेला वळणावळणाचा भुयारी रस्ता, पायऱ्या अंदाजानं शोधायच्या, वटवाघळांचा उग्र दर्प. वाटाड्या मशाल विझवतो आणि शत्रूवर इथून उकळतं तेल कसं ओतत, धूर कसा कोंडत ते सांगतो. त्या काळोखात सांगणाऱ्याच्या आवाजाखेरीज कशाचाच आधार नसतो. अशी वाट परक्याला मारण्यासाठी असते. पण सगळे चक्रव्यूह मारण्यासाठी नसतात. सोलापूरजवळ बोरामणीच्या माळरानावर दगड मांडून केलेला एक मोठा वर्तुळाकार चक्रव्यूह अलीकडेच अभ्यासकांनी उजेडात आणला. त्याचे वेढे जमिनीसरशी आहेत. त्यात अडकायला कुणी येणार नाही, ज्याला हवं तो एका पावलात रेष ओलांडेल. फ्रान्समध्ये शार्त्रच्या देवालयात तेराव्या शतकात फरशीवर चक्रव्यूह आखला गेला. व्यास सुमारे तेरा मीटर, आत अडीचशे मीटरांहून लांब वाट, आणि एकही फाटा नाही. चालत राहिलं की माणूस मध्याशी पोचतोच. तेरा मीटरांच्या जागेत अडीचशे मीटर चालायला लावणं, एवढंच तो करतो. त्या चालण्यातच काय ते आहे.

सान जॉर्जोची बाग या दुसऱ्या जातीची. कुंपण इतकं बुटकं की कुणी हरवणार नाही. मान वर केली की आजूबाजूचं सगळं दिसतं, पण वाचता मात्र काहीच येत नाही. आपण कुठल्या तरी अक्षराच्या आत आहोत एवढं कळतं. डावीकडे वळलो ती एखाद्या अक्षराची पाठ असेल, नाहीतर वाघाचा पंजा, नाहीतर वाळूच्या घड्याळाची कंबर. वाटा खडीच्या. कुठे कुंपण उजव्या हाताला जवळ येतं, कुठे दोन्हीकडून सरकतं. वाकून पाहिलं तर बॉक्सवुडचं पान नखाएवढं असतं, चामड्यासारखं जाडसर, वरून चकचकीत गडद हिरवं, खालून फिकट, आणि टोकाशी बारीकशी खाच. दोन बोटांत चुरडलं की तीव्र, थोडा तुरट, काहींना न सोसणारा वास येतो. उन्हात तोच वास बागभर दाटतो. छाटलेल्या कुंपणावरून तळहात फिरवला की वरचा थर टोचतो, आणि बोटं आत घातली तर पानं विरळ होत जातात, मग नुसत्या काटक्या लागतात. बाहेरून भिंत वाटते ती आतून पोकळ सावली असते. लाकूड मात्र विलक्षण घट्ट. ताजं तोडलेलं बॉक्सवुड पाण्यात टाकलं तर बुडतं. त्यातून बासऱ्या झाल्या, बुद्धिबळाची मोहरी झाली, छपाईचे कोरीव ठोकळे झाले.

आणि इथे मला या बागेविषयी जे सांगायचं आहे ते येतं. पहिली दहा वर्षं ही बाग पाहुण्यांनी वरून पाहायची होती, मठाच्या खिडक्यांतून, मनोऱ्यावरून. वरून नाव दिसे, लोक ते वाचत, छायाचित्र घेत आणि खाली उतरत. २०२१ मध्ये तिच्या वाटा लोकांना चालण्यासाठी खुल्या झाल्या, त्यासाठी आंतोनिओ फ्रेझा यांनी रचलेल्या संगीताची जोड मिळाली. माझ्या मते बाग लावली गेली २०११ मध्ये, पण पुरी झाली २०२१ मध्ये. कारण ज्याच्यासाठी ती आखली तो माणूस मनोऱ्यावर चढून काही वाचू शकला नसता. तो काठी टेकत, कुंपणावरून हात फिरवत आत चालला असता. त्याच्या तळव्यांना खडी कळली असती, गालाला कुंपणाची सावली कळली असती, वळण कुठे आहे ते आवाजावरून उमगलं असतं. वरून वाचणाऱ्याला हाती लागतं ते नाव, आणि नाव तर तिकिटावरही छापलेलं असतं. आत चालणाऱ्याला नाव मिळत नाही. मिळतो तो त्या माणसाचा अनुभव: अक्षरांच्या इतक्या जवळ असणं की ती वाचता येऊ नयेत, आणि तरी त्यांच्यात राहणं. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या त्या संचालकाचं जगणं याहून वेगळं कुठे होतं?

प्रतीकांच्या बागा पाहायला जाणारे बहुतेकदा किल्ली मागतात. हा आकार म्हणजे काय, तो आकडा कशाचा, कोपऱ्यातला तो वेढा काय सुचवतो. मार्गदर्शक सांगतो, आपण मान डोलावतो, आणि बाग तिथेच संपते. मठांच्या बागांनी अर्थ कधी असा सांगितला नव्हता. चार वाटांना चार नद्या म्हणणारा संन्यासी दिवसातून कितीदा तरी त्या वाटांवरून जात असे, प्रार्थनेला, जेवायला, पाणी शेंदायला, सोबत्याला मूठमाती द्यायला. पन्नास वर्षं चालून त्या नद्या त्याच्या पायांत उतरत. अर्थ त्याला कुणी समजावला नव्हता, तो त्याच्या अंगवळणी पडला होता.

याच बेटावर भारतीय संगीताचंही एक दालन आहे, आणि त्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. आलाँ डॅनिएलू हा फ्रेंच अभ्यासक काशीला गंगेच्या काठी वर्षानुवर्षं राहिला, वीणा शिकला, संस्कृत शिकला. १९६९ मध्ये त्यानं व्हेनिसमध्ये तौलनिक संगीताभ्यासाची संस्था काढली, ती चीनी प्रतिष्ठानाच्या छायेखाली वाढली, आणि संस्कृत संगीतग्रंथांच्या त्यानं जमवलेल्या प्रतींचा संग्रह या बेटावर आला. भारतीय संगीतशास्त्राच्या अभ्यासकाला ज्याच्यावाचून चालत नाही तो शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या आश्रयानं देवगिरीत लिहिला गेला. ज्या डोंगरात अंधारी आहे त्याच्याच पायथ्याशी. संगीताचा ग्रंथ नुसता वाचून गाणं येत नाही, हे तर आपल्याकडच्या कुठल्याही घराण्याचा शिष्य सांगेल. आलापाची वाट गुरू हाताला धरून चालवतो आणि शिष्य ती रोज चालतो. वरून पाहिलेला राग म्हणजे आरोह-अवरोहाचा नकाशा. राग त्याच्या आत असतो.

चालणाऱ्याइतकाच हक्काचा दुसरा माणूस या बागेत आहे, तो म्हणजे माळी. दगडावर कोरलेलं नाव शतकं राहतं. झाडांत लिहिलेलं नाव एका हंगामात पुसट व्हायला लागतं. वसंतात नवी पालवी फुटली की अक्षरांच्या कडा मऊ होतात, कोन बुजतात. मग दोरी ताणायची, उंची धरायची आणि कातर चालवायची. साधारणपणे एकदा वसंत सरताना आणि एकदा उन्हाळ्याच्या शेवटी. ढगाळ दिवस पाहून, कारण कापलेलं पान कडक उन्हात करपतं. कातर मधूनमधून निर्जंतुक करायची, नाहीतर एका झुडपाचा रोग दुसऱ्याला जातो. छाटलेला पाला वेचून काढायचा, तो आत अडकून राहिला तर बुरशी धरते. जुन्या मठातले लेखनिक पान झिजलं की ग्रंथ पुन्हा लिहून काढत. इथे माळी दर वर्षी तेच नाव पुन्हा लिहितो. त्याचा हात दोन हंगाम थांबला तर नाव वाचता येणार नाही, आणि दहा वर्षं थांबला तर तिथे बॉक्सवुडचं एक रान असेल, ज्यात कधीकाळी काही लिहिलं होतं हे कुणाला कळणारही नाही.

हे भय कल्पनेतलं नाही. पूर्व आशियातून आलेला बॉक्सवुडचा पतंग २००७ मध्ये युरोपात, जर्मनीत प्रथम आढळला आणि काही वर्षांत खंडभर पसरला. त्याच्या हिरव्या-काळ्या अळ्या जाळी विणून कुंपणाच्या आतल्या अंगानं पानं खातात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि मग काही दिवसांत अख्खं झुडूप गवतासारखं पिवळं पडतं. शिवाय बॉक्सवुडचा करपा आहे. युरोपातल्या कितीतरी जुन्या बागांनी या दोन संकटांपायी आपली शतकानुशतकांची कुंपणं उपटून टाकली आणि दुसरी झाडं लावली. व्हेनिसला त्याखेरीज खाऱ्या पाण्याची धास्ती. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री भरतीची पातळी १८७ सेंटिमीटरवर गेली, १९६६ च्या महापुरानंतरची सर्वांत उंच. पुढच्या वर्षापासून खाजणाच्या मुखांशी बसवलेले पोलादी दरवाजे मोठ्या भरतीला वर उचलले जाऊ लागले, म्हणून शहर थोडा श्वास घेतं आहे. पण खारं पाणी मुळाशी गेलेलं बॉक्सवुडला मानवत नाही, आणि हे बेट चहूबाजूंनी त्याच पाण्यात आहे.

प्रकाशक फ्रांको मारिया रिच्ची हा बोर्हेसचा मित्र. जगातला सर्वांत मोठा चक्रव्यूह बांधीन, असं त्यानं बोर्हेसला सांगितलं होतं. तो तर आधीच आहे, वाळवंट, असं बोर्हेसचं म्हणणं पडलं. रिच्चीनं तरीही पार्माजवळ फोंतानेल्लातोला बांबूचा अफाट चक्रव्यूह उभा केला, तो २०१५ मध्ये खुला झाला. बांबू माणसाच्या डोक्यावरून कितीतरी उंच जातो, आत शिरल्यावर आभाळाची पट्टी तेवढी उरते. तो चक्रव्यूह भव्य आहे. सान जॉर्जोचा लहान आहे, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. भव्यतेनं माणूस दबतो, इथे तो वाचायला शिकतो. शिवाय एका मित्रानं मित्रासाठी आखलेली, मुलाच्या नावानं बापानं वाचवलेल्या बेटावर लावलेली आणि आखणाऱ्याच्या मागे इतरांनी वाढवलेली ही बाग आहे. स्मारक म्हणून मला याहून योग्य वस्तू सुचत नाही. पुतळ्याला कुणी सांभाळलं नाही तरी तो उभा राहतो. ही बाग कुणी सांभाळते आहे तोवरच आहे, आणि आठवणीचंही तसंच असतं.

मराठी प्रवासी आता मोठ्या संख्येनं व्हेनिसला जातात. दीड दिवसात चौक, पूल, गोंडोला आणि काचेचा कारखाना उरकतात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: अर्धा दिवस काढा, समोरच्या बेटावर उतरा. मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे आणि वरून सगळं नीट दिसतं, म्हणून पाय आधी तिकडेच वळतील. तसं करू नका. आधी मठाच्या फेरीत नाव नोंदवा आणि त्या कुंपणांतून चाला. काय लिहिलं आहे ते कुणाला विचारू नका. एखाद्या वळणावर डोळे मिटा आणि कुंपणावर हात ठेवून दहा पावलं जा. मनोरा नंतरही चढता येईल.